मस्कतच्या दुकानाची उत्तरपूजा

परमेश्वराने या सृष्टीत प्रत्येक आरंभाला त्याचा शेवट नेमून दिलेला आहे, ही गोष्ट ज्यांनी जन्मभर मान्य केली नाही असे एकच गृहस्थ मी पाहिले, आणि ते म्हणजे आमचे जासईचे यजमान. संस्कृतचा अध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर मी सीवूड्सला मुलाकडे राहावयास आलो आणि वेळ सत्कारणी लागावा म्हणून ओळखीच्या घरी पूजा सांगू लागलो. त्यामुळे यजमान मला पुष्कळ लाभले. परंतु आरंभाविषयी इतका उत्साह आणि समाप्तीविषयी इतका तिटकारा असलेला यजमान दुसरा लाभला नाही. कंटेनरांच्या दोन यार्डांच्या मध्ये त्यांचा मसाल्याचा कारखाना आहे. त्याच्या भूमिपूजनापासून ते सुनेच्या स्वयंपाकघरातल्या नव्या मिक्सरपर्यंत प्रत्येक गोष्टीला त्यांनी माझ्याकडून मुहूर्त काढून घेतला. मात्र पूजा झाली, आरती झाली, की उत्तरपूजेसाठी मी हातात अक्षता घेताच ते माझे मनगट धरीत. "ऱ्हावूं द्या ना गुरुजी. आथाच आलाय देव. जरा बसूं द्या त्याला." देवाला निरोप देणे म्हणजे पाहुण्याला हाकलणे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि ती दूर करण्यात माझे सारे अध्ययन कमी पडले.

त्यांच्या घरी पूर्वी दीड दिवसाचा गणपती असे. मी त्यांच्याकडे जाऊ लागलो तेव्हा तो पाच दिवसांचा झाला होता. पुढे तो अनंत चतुर्दशीपर्यंत लांबला, आणि त्या दिवशी डोळे पुसत मूर्ती खाडीवर नेऊन आल्यावर चारच दिवसांत त्यांनी साखरचौथीचा दुसरा गणपती आणला. त्या बाजूला साखरचौथीचा गणपती बसवण्याची रीत आहे हे खरे, परंतु ती ज्यांच्या घराण्यात असते त्यांच्या. यांच्या घराण्यात ती यांच्यापासूनच सुरू झाली. घरातली तांदळाची कोठी तळापर्यंत कधी रिकामी होऊ द्यायची नाही हा तर आपल्या बायकांचा जुनाच नेम आहे. यजमानांनी तो टूथपेस्टच्या नळीलाही लावला होता. कारखान्यातले पहिले कांडपयंत्र मोडून कित्येक वर्षे लोटली, तरी ते दारापाशी उभे असे आणि दर शनिवारी त्याला तेल मिळे. ज्या कामगारांना वय झाल्यामुळे मिरची सोसत नव्हती, ते रोज येऊन त्या यंत्राजवळ खुर्च्या टाकून बसत आणि महिन्याला पगार घेत. यजमानांच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणतो, मला एकदा म्हणाल्या, "गुरुजी, यांच्या हातून काय सुटत नाय. मी बी त्याच्यामुलंच टिकले असंन."

फोन ठेवणे हे तर त्यांना मुळीच जमत नसे. बोलणे संपले तरी ते 'हां... मंग... आनखी काय...' असे म्हणत राहत आणि अखेर पलीकडच्या माणसाला धारिष्ट्य करावे लागे. एकदा सत्यनारायणाच्या सामानाची यादी सांगण्यासाठी मी त्यांना फोन केला. यादी सांगून झाली, हवापाणी झाले, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाली. शेवटी मी फोन तसाच पलंगावर ठेवून संध्येला बसलो आणि आचमन करताना मला पलंगावरून स्पष्ट ऐकू आले, "हां गुरुजी... करा तुमी संध्या... मी हाय."

अशा माणसाने परदेशात शाखा काढावी आणि ती तोट्यात जावी, यात नवल करण्यासारखे काही नाही. नवल आहे ते ती का काढली याचे. त्यांना एक धाकटे बंधू आहेत. वडिलांच्या मागे, सरकारने घेतलेल्या शेतीच्या बदल्यात मिळालेला भूखंड दोघांकडे आला. धाकट्यांचे म्हणणे होते की तो विकावा. थोरले कोणतीही वस्तू हातची सोडणारे नव्हतेच. वाद वाढत वाढत असा झाला की अर्धा भूखंड धाकट्यांनी बिल्डरला दिला आणि दोघा भावांचे बोलणे थांबले. त्या अर्ध्या भागावर आज उंच इमारत उभी आहे आणि तिच्या सावलीत यजमानांचा अर्धा भाग तसाच मोकळा पडून आहे. तेथे बकऱ्या चरतात. धाकट्यांना आलेले पैसे एका फसलेल्या धंद्यात गेले, मग ते मस्कतला एका गोदामात नोकरीस लागले आणि पुढे ती नोकरीही गेली. ही बातमी यजमानांना परस्पर कळली. त्यांनी भावाला पैसे पाठवले असते तर ते आल्या पावली परत आले असते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून एके दिवशी ते सीवूड्सला माझ्याकडे आले आणि म्हणाले, "गुरुजी, मुहूर्त काढा. मस्कतला ब्रांच टाकतो."

मी विचारले, "मस्कतला आपला मसाला कोण घेणार?"

"घेतील कोन तरी. मान्सं जेवतातच ना तिकडं?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "भरवशाचा मानूस पायजे. तिकडं हाय एक, बोलतात."

तो एक कोण, हे ते बोलले नाहीत आणि मी विचारले नाही. त्यांच्या सुनेने काकांना निरोप दिला की दुकानाला जबाबदार माणूस हवा आहे, पगार रीतसर मिळेल. धाकट्यांनी तो रीतसर स्वीकारला. उद्घाटनाची पूजा मी जासईहून फोनच्या पडद्यावर बघत सांगितली. कलश मांडला, सुपारीचा गणपती बसला, आणि मी उत्तरपूजेकडे वळताच यजमान इकडून आणि धाकटे तिकडून एकदमच म्हणाले, "ऱ्हावूं द्या, गुरुजी." कित्येक वर्षांत दोघांचे एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट होती. त्यामुळे मी अक्षता खाली ठेवल्या आणि तो कलश दुकानात तसाच राहिला.

त्या दिवसापासून रोज सकाळी यजमान कारखान्याच्या अंगणात उभे राहून मस्कतला फोन करू लागले. तिकडे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते, ही गोष्ट त्यांनी ऐकून घेतली होती, परंतु तिच्याशी आपला संबंध आहे असे त्यांना वाटत नसे. "अरे उठ, उजारलं," असे म्हणून ते अंधारातल्या भावाला जागे करीत. मग चौकशी होई ती केवळ मालाची. माल पोचला का, पुडे फुटले नाहीत ना, मिरचीला रंग कसा आहे. भूखंडाविषयी शब्द नाही, प्रकृतीविषयी नाही, वडिलांविषयी नाही. मी एकदा वास्तुशांतीच्या कामासाठी भल्या सकाळी तेथे गेलो असता तो संवाद ऐकला. "हलद कशी हाय?" "बरी हाय." "धन्याचा वास येतो का?" "येतो." "तुला खोकला झाल्यासारका वाटतो." "मसाल्याचा हाय." "हां. मंग बरा हाय मसाला."

दुकान चालवण्याचे नियम जासईत ठरत. गावदेवीच्या जत्रेला मस्कतचे दुकान बंद राही, आणि तेथील गिऱ्हाइकांना त्याचे कारण शेवटपर्यंत उमगले नाही. अमावास्येला नवा माल फळीवर मांडायचा नाही, असा हुकूम होता. तिकडच्या लोकांना तिखट कमी हवे असे धाकट्यांनी एकदा भीत भीत कळवले, तेव्हा यजमान म्हणाले, "त्यांना सांग, थोरा टाका. आमी कमी करनार नाय. कमी तिखट क्येला तं तो मसाला आपला ऱ्हात नाय." ज्या दिवशी विक्री चांगली होई त्या दिवशी ते पेढे वाटीत आणि ज्या दिवशी मुळीच होत नसे त्या दिवशी म्हणत, "माल शिल्लक हाय म्हंजे दुकान भरलेलं हाय."

हिशेब सुनेकडे होते. ती वाशीच्या कॉलेजात शिकलेली, बोलायला चटपटीत आणि सासऱ्यांवर माया करणारी मुलगी. ती पहिली काही वर्षे गप्प राहिली. मग मस्कतच्या जागामालकाने नवा करार पुढे केला. त्यात त्याने भाडे वाढवून मागितले होते. शेजारचा मोठा गाळा घेऊन शीतकपाटे बसवली आणि माल वाढवला तर दुकान कदाचित उभे राहील, नाहीतर आत्ताच आवरते घ्यावे, असा तो पेच होता. त्या दिवशी मी अभिषेकासाठी गेलो होतो. अभिषेक झाल्यावर तिने सासऱ्यांना माझ्यासमोरच बसवले.

"पप्पा, आज गुरुजी आहेत म्हणून बोलते. दर महिन्याला इकडून पैसे जातात. मोठा गाळा घ्यायचा तर इकडच्या कारखान्यावर लोन काढावं लागेल. आणि चाललं नाही तर? इकडची एवढी माणसं आहेत, त्यांचं काय? मला खरंच टेन्शन येतं."

"लोन काढ ना मंग."

"पप्पा, तिकडे आपला मसाला कोणी घेत नाही."

"तुला काय म्हाइत, तू तिकडं गेल्ती का?"

"तुम्ही तरी कुठे गेलात?" ती म्हणाली, आणि वहिनींनी तोंडाला पदर लावला.

यजमानांनी माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, मोठ्या गाल्याचा मुहूर्त बगा."

मी पंचांग उघडले. मुहूर्त होता, तो मी सांगितला. तो दिवस आला तेव्हा त्यांना पुढचा हवा झाला. पुढचा आला तेव्हा त्यांना त्या दिवशी डाव्या डोळ्याची पापणी फडफडताना आढळली. वस्तुतः सुनेचे म्हणणे त्यांना पहिल्याच दिवशी पटले होते. पैसे घालावेत तर कारखान्यातल्या माणसांचे अन्न धोक्यात येते, आणि न घालावेत तर रोज सकाळी भावाशी बोलायला विषय उरत नाही, अशा दुहेरी अडचणीत ते सापडले होते. हे घरात सगळ्यांना दिसत होते आणि कोणी उच्चारत नव्हते. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, "गुरुजी, बंद करायचा मुहूर्त अस्तो का वो?" मी त्यांना खरे तेच सांगितले. शेत नांगरण्याचा मुहूर्त आहे, विहीर खणण्याचा आहे, बाळाचे कान टोचण्याचाही आहे, परंतु दुकान बंद करण्याचा मला कोठे आढळला नाही. त्यांची मुद्रा एकदम उजळली. "बगा! म्हंजे शास्त्रात बंद करायचं नायच!" आणि त्या एका आधारावर त्यांनी आणखी महिनाभर निभावून नेले.

अखेर निर्णय झाला तो पलीकडून. मी गणेशयागाचे ठरवण्यासाठी गेलो होतो. यजमान अंगणात फोन मोठ्या आवाजावर ठेवून मालाची चौकशी करीत होते. सून दारात उभी होती. चौकशी संपली आणि नेहमीचे 'हां... मंग...' सुरू झाले, तेवढ्यात धाकटे म्हणाले, "दादा, दुकान बंद करूया."

यजमानांनी सुनेकडे पाहिले. तिने नकारार्थी मान हलवली. "कोन बोल्ला तुला असा?"

"कोन नाय. हिसाब मीच लिवतो ना. मना दिसतं." मग ते म्हणाले, "मी तुज्या जिवावर किती दिस बसू?"

"बसतोस कुठं? दुकानात तं उभा अस्तोस."

"दादा, मस्करी नको. मना इकडं नोकरी मिलते. मोट्या दुकानात, गोदाम बगायचं. बरी हाय."

यजमान अंगणात दोन फेऱ्या घालून परत त्याच जागी आले. या माणसाचा आवाज यार्डातल्या ट्रकांवरून ऐकू जात असे. परंतु पुढचे वाक्य मला जवळ असूनही कष्टाने ऐकू आले. "आनि मंग मी सकाली काय इच्यारू तुला?"

मग धाकटे म्हणाले, "रेंज जाते रं दादा." रेंज जात नव्हती. त्यांच्या दुकानातल्या पंख्याचा आवाज आम्हाला स्वच्छ येत होता.

दुकान रिकामे झाले. भिंतीच्या फळ्या विकल्या गेल्या, उरलेला माल धाकट्यांनी ओळखीच्या लोकांना वाटला. राहिला तो उद्घाटनाच्या दिवशीचा कलश. नारळ अधूनमधून बदलला जात होता, परंतु पूजा विधिवत् विसर्जित झालेली नव्हती, आणि आवाहन केलेल्या देवतेला निरोप दिल्यावाचून जागा सोडू नये. हे यजमानांना सांगण्याचे काम माझ्याकडे आले. त्यांनी या वेळी माझे मनगट धरले नाही. "सांगा," एवढेच म्हणाले.

आम्ही कारखान्याच्या कार्यालयात फोन उभा करून बसलो. पडद्यावर रिकाम्या दुकानात धाकटे एकटेच, आंघोळ करून, नवे धोतर नेसून बसले होते. दोघा भावांचा चेहरा इतका सारखा आहे हे मला त्या दिवशी प्रथम जाणवले. पंचोपचार पूजा झाली. आता उजव्या हाताने अक्षता कलशावर वाहायच्या आणि कलश उत्तरेकडे किंचित सरकवायचा, म्हणजे विसर्जन झाले. मी तसे सांगितले.

"जरा थांब," यजमान म्हणाले. "वात सरकव. काजली धरलीय."

धाकट्यांनी वात सरकवली.

"उत्तर तीच ना? नीट बग. तिकडची उत्तर येगली असंल."

"तीच हाय, दादा."

"पाठीमागं ते कपाट होतं, ते कुठं गेलं?"

"विकलं ना. तूच बोल्लास."

"हां. मी बोल्लो." ते पडद्याजवळ वाकले. "बारका दिसतोस. जेवतोस का?"

इतक्या वर्षांत मालाऐवजी भावाविषयी विचारलेला हा पहिला प्रश्न होता. धाकट्यांनी हातातल्या अक्षता वाहिल्या आणि एका बोटाने, झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये इतक्या हळुवारपणे, कलश सरकवला. "पुन्हा येण्यासाठी जावे" या अर्थाचा मंत्र मी म्हटला. कर्म पूर्ण झाले. यजमानांना फोन ठेवता येत नसे, हे मी सांगितलेच आहे. त्या दिवशी धाकट्यांनीही ठेवला नाही. दोघे एकमेकांकडे पाहत बसले, आणि शेवटी सुनेने पुढे होऊन बोट टेकवले.

व्यवहार म्हणून जे झाले ते योग्यच झाले. कारखान्याला हलके वाटू लागले, नवे यंत्र आले, सुनेच्या कपाळावरची आठी गेली. मोठे कर्ज टळले म्हणून सगळ्यांनी तिला शाबासकी दिली आणि ती तिला मिळायलाच हवी होती. यजमान मात्र सकाळी अंगणात येऊन उभे राहत आणि हातातल्या फोनकडे पाहून परत आत जात. एकदा मी त्यांना म्हटले, "भाऊ आहे आपला. सहज म्हणून फोन करावा." ते म्हणाले, "सहज कसा करू, गुरुजी? सहज कंदी क्येलाच नाय. त्याला वाटंल, घरात कोन तरी आजारी हाय." दोन्ही बाजूंना माया होती. तिला बोलता यावे अशी वाट मात्र मसाल्याच्या पुड्यांची होती आणि ती आता बंद झाली होती.

पुढे भाद्रपदात त्यांच्या वडिलांची तिथी आली. ते श्राद्ध मीच सांगतो. श्राद्धाच्या आरंभी पुरोहिताने एक गोष्ट विचारून घ्यावी लागते. भाऊ एकत्र आहेत की विभक्त? एकत्र असतील तर थोरल्याने सर्वांच्या वतीने करावे, विभक्त असतील तर ज्याचे त्याने. भूखंडाची वाटणी झाली त्या वर्षी मी हे विचारले तेव्हा यजमानांनी खाली मान घातली होती. मस्कतचे दुकान निघाल्यावर मात्र ते दरवर्षी ताठ बसून सांगत, "एकत्र. धंदा एक हाय ना आमचा."

या वर्षी मी तिथीच्या दिवशी स्नान करून निघण्याच्या तयारीत असताना माझा फोन वाजला. मस्कतहून धाकटे बोलत होते. "गुरुजी, माफ करा, सकालीच तरास देतो. आथा दुकान ऱ्हायलं नाय. म्हंजे मना येगला करायला लागंल ना?" मी म्हटले, शास्त्र तसे आहे. "मंग सांगा. मना कायच येत नाय." दक्षिणेकडे तोंड कसे करावे, तीळ किती घ्यावेत, अंगठ्याच्या बाजूने पाणी कसे सोडावे, हे मी त्यांना सावकाश सांगितले. त्यांनी सगळे परत म्हणून दाखवले. शेवटी म्हणाले, "दादाला बोलू नका. येगला क्येला असा कललं तं त्याला बरं वाटनार नाय."

जासईला पोहोचलो. पाट मांडलेला होता, दर्भ आणि तीळ तयार होते. यजमान उपरणे उजव्या खांद्यावर घेऊन, म्हणजे अपसव्य करून, बसले. मी नेहमीप्रमाणे विचारले. त्यांनी हातातल्या पाण्याकडे पाहिले. ते बोटांच्या फटीतून गळून गेले, वहिनींनी दुसरे घातले.

"एकत्र," ते म्हणाले. माझ्याकडे न पाहता पुन्हा म्हणाले, "लिवलेलं नसंल कुठं. पन एकत्र. आनि पानी जरा जास्त सोडा गुरुजी, त्याच्या वाटचं. तिकडं त्याला तिथी आठवली नसंल."

शास्त्र मला ठाऊक होते, आणि त्याखेरीजही एक गोष्ट ठाऊक होती. मी 'अविभक्त' असाच उच्चार करून संकल्प सांगितला आणि त्यांच्या हातावर पुन्हा पाणी घातले. त्या दिवशी त्यांच्या वडिलांना समुद्राच्या दोन्ही काठांवरून पाणी मिळाले. ते तृप्त झाले असतील का, हे मात्र मला सांगता येत नाही.